जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज टाकावी का?

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून या सदराच्या टपालात हाच विषय पुढे आहे. बहुतेक पत्रांत लॅपटॉपची कंपनी, खरेदीचे वर्ष, दुकानाचा सल्ला सगळे असते. प्रोसेसरचा नंबर तेवढा नसतो. उत्तर ठरते ते त्या नंबरावर. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट असे गेलात की तो दिसतो. इंटेलच्या ‘आय५-८२५०यू’मधला डॅशनंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी, ‘आय५-१०२१०यू’मध्ये पहिले दोन आकडे १०, म्हणजे दहावी. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेल आठव्या पिढीपासून आहे, मोजके अपवाद सोडून. एएमडी रायझनच्या बाबतीत आकड्यावरून अंदाज बांधू नका, मायक्रोसॉफ्टची यादी उघडूनच पाहा.

एक खुलासा: आज्ञा आणि एरर कोड इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.

प्रश्न: लॅपटॉप २०१८ चा आहे. आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. प्रोसेसर यादीत असूनही ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे साधन म्हणते की हा संगणक विंडोज ११ साठी चालणार नाही. सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीची सिस्टीमच उठू देणारी सोय) आणि टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपणारा सुरक्षा भाग) या दोन्हींपुढे लाल फुली येते. दुकानदार नवा लॅपटॉप घ्या म्हणतात. सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह आहेत. (करसल्लागार, कोल्हापूर)

उत्तर: नवा लॅपटॉप घेऊ नका. ही खोट यंत्राची नाही, विंडोज ज्या पद्धतीने टाकली गेली तिची आहे.

स्टार्टमध्ये ‘एमएसइन्फो३२’ टाइप करा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ वाचा. तिथे ‘लेगसी’ असणार. आपल्याकडे असंख्य लॅपटॉप ‘डॉस’ म्हणून, म्हणजे विंडोजशिवाय, विकले गेले आणि दुकानात त्यांच्यावर जुन्या सवयीने लेगसी या जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर या जुन्या विभागणीच्या डिस्कवर विंडोज टाकली गेली. सिक्युअर बूटला यूईएफआय ही नवी बूट पद्धत आणि जीपीटी ही नवी विभागणी लागते. टीपीएमची गोष्ट वेगळी आहे. आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये ते प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असते, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) बंद ठेवलेले असते. बायोसच्या सिक्युरिटी किंवा अ‍ॅडव्हान्स्ड पानावर ‘इंटेल पीटीटी’ किंवा ‘टीपीएम स्टेट’ असा पर्याय शोधून चालू करा. परत विंडोजमध्ये येऊन ‘टीपीएम डॉट एमएससी’ उघडले की ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ दिसले पाहिजे.

त्याच वेळी सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ हे पान पाहून घ्या. ‘डिजिटल लायसन्स’ने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचे लिहिले असेल तर ठीक. ‘ऑर्गनायझेशनच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’चा उल्लेख असेल आणि लॅपटॉप कुठल्या संस्थेचा नसेल, तर तुमच्याकडे परवाना नाही, क्रॅक आहे. लोकांचे पॅन आणि पासवर्ड ज्या यंत्रावर असतात तिथे हे चालवून घेऊ नये. आधी परवाना विकत घ्या.

आता डिस्क. एमबीआरची जीपीटी करायला विंडोजमध्ये ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याला आधी ‘/व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस’ असे विचारायचे, होकार आला तरच ‘/कन्व्हर्ट /अलाऊफुलओएस’. पण तुमच्याकडे ते बहुधा नकार देईल. डिस्कवर जास्तीत जास्त ३ प्रायमरी विभाग असले आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल विभाग एकही नसला, तरच ते काम करते. सी सोडून डी, ई केलेल्या डिस्कवर डी आणि ई बहुधा लॉजिकल असतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यांच्याभोवती हिरवी चौकट दिसली की समजावे. मग त्यांतला डेटा बाहेर काढून ते विभाग पुसणे आले.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा आमचा सल्ला सरळ आहे: एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ चालते, पण लॉगिन झाल्यावर दहा-दहा मिनिटे डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसते, आणि मग दोष विंडोजच्या माथी जातो. ५१२ जीबीची, २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी तुमच्या डिस्कच्या जागी बसते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर एसएसडी कप्प्यात सैल राहते. सोबत प्लास्टिकची चौकट मिळते ती लावा. मदरबोर्डवर एम.२ चा खाचा असेल तर तोही वापरता येतो, पण तो साटाचा आहे की एनव्हीएमईचा (या डिस्क जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती) हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वाचूनच खरेदी करा. कनेक्टर जुळला म्हणजे चालेलच असे नाही.

क्रम असा. दुसऱ्या डिस्कवर पूर्ण बॅकअप. टॅलीचा डेटा फोल्डर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि ब्राउझरमधले पासवर्ड यांची वेगळी नोंद. हे तिन्ही हमखास विसरले जातात. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ‘मीडिया क्रिएशन टूल’ने विंडोज ११ तयार करा (पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो). लॅपटॉप बंद करून जुनी डिस्क काढा, एसएसडी बसवा. बायोसमध्ये लेगसी (काही ठिकाणी त्यालाच ‘सीएसएम’ म्हटलेले असते) बंद, यूईएफआय चालू, सिक्युअर बूट चालू. मग बूट मेनूतून पेन ड्राइव्ह निवडा: डेल, लेनोवो, एसरला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. नावापुढे ‘यूईएफआय’ लिहिलेला पर्याय घ्या, नाहीतर पुन्हा लेगसीचीच गत. नव्या डिस्कवर ‘अनअलोकेटेड’ जागा दिसेल. ती निवडून ‘नेक्स्ट’. विभाग हाताने पाडत बसू नका, इन्स्टॉलर स्वतः पाडतो.

वाय-फायचा ड्रायव्हर सापडला नाही तर सेटअप इंटरनेटच्या पानावर अडून बसते. फोन केबलने जोडा आणि त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. गाडी पुढे सरकते. आवृत्ती पूर्वीचीच हवी. आपल्याकडच्या लॅपटॉपांवर बहुतेक वेळा ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्याने डिस्क बदलली तरी इंटरनेट मिळताच अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होते. तिथे ‘प्रो’ टाकलीत तर होणार नाही. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून डी आणि ई मधल्या फाइली उतरवून घ्या, आणि निदान दोन महिने ती पुसू नका.

प्रश्न: माझ्याकडे आय३-५००५यू, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. दुरुस्तीवाले म्हणतात, ‘मॅडम, विंडोज ११ मारून देतो, काही होत नाही.’ टाकून घेऊ का? शाळेचे निकाल, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, मराठी प्रश्नपत्रिका आणि प्रिंट एवढेच काम असते. (शिक्षिका, सातारा)

उत्तर: ते म्हणतात तसे होते खरे. ‘रुफस’ नावाच्या साधनाने पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम, सिक्युअर बूट आणि ४ जीबी रॅमची अट काढून टाकण्याचा पर्याय मिळतो आणि पाचव्या पिढीवर विंडोज ११ चढते. ‘काही होत नाही’ हे मात्र अर्धेच खरे. अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. महिन्याचे सुरक्षा अपडेट सध्या येत राहतात, पण वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. २४एच२ या आवृत्तीचा घरगुती वापरासाठीचा काळ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. म्हणजे दर एक-दोन वर्षांनी हाच खेळ नव्याने मांडायचा. स्वतः करता येत असेल तर करा. दर वेळी दुकानात जाणार असाल तर नको. शिवाय ४ जीबी रॅमवर विंडोज ११ आणि ब्राउझरच्या पाच टॅब एकत्र नांदत नाहीत.

आत्तापुरता मार्ग म्हणजे विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आवृत्ती २२एच२ असली पाहिजे (‘विन्व्हर’ टाइप करून पाहा), राहिलेले सगळे अपडेट बसवलेले असले पाहिजेत आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवे. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट या पानावर नोंदणीची लिंक दिसते. तीन पर्याय येतात: विंडोज बॅकअपने सेटिंग्ज वनड्राइव्हवर ठेवल्यास फुकट, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण, किंवा ३० डॉलर. पहिला घ्या. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच असते. ती भरली की ‘आणखी जागा विकत घ्या’ म्हणून तगादा लागतो, म्हणून बॅकअपमधून फोटो आणि डॉक्युमेंटचे फोल्डर वगळून फक्त सेटिंग्ज ठेवा.

त्यानंतरसाठी लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. तुम्ही लिहिलेल्या कामांपैकी यू-डायस प्लस ब्राउझरमध्ये चालते, निकालाची एक्सेल फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडते. मॅक्रो असलेली फाइल मात्र आधी उघडून पाहा, तिथे अडते. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. किमान २ जीबी रॅम लागते, सुखाने चालायला ४.

खरी अडचण प्रिंटरची असते, आणि हे कोणी आधी सांगत नाही. शाळांमधून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा लिनक्सवर डोकेदुखी आहे: तो कॅननच्या स्वतःच्या ‘कॅप्ट’ भाषेत बोलतो आणि तिचा लिनक्स ड्रायव्हर जुनाट, हट्टी आहे. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण ‘एचपीलिप’चे जास्तीचे प्लगइन उतरवावे लागते, कारण या प्रिंटरचे फर्मवेअर दर वेळी संगणकातून भरले जाते. प्लगइन नसेल तर प्रिंटर दिसतो, जॉब जातो आणि कागद काही हलत नाही.

म्हणून टाकण्याआधी चालवून पाहा. मिंटची सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण प्रत) उतरवा, धड उतरली का ते साइटवर दिलेल्या एसएचए-२५६ या पडताळणीच्या आकड्याशी ताडून पाहा, रुफसने पेन ड्राइव्हवर लिहा आणि त्यावरून बूट करा. डिस्कला हातही न लावता पूर्ण मिंट समोर येते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडणे, प्रोजेक्टर, प्रिंटर: एकेक करून तपासा. वाय-फायचे नाव दिसते पण राउटरला चिकटून बसल्याशिवाय रेंज येत नाही, असे झाले तर कार्ड रियलटेकचे ‘आरटीएल८७२३बीई’ आहे का ते बघा. त्या काळच्या स्वस्त लॅपटॉपांत या कार्डाला एकच अँटेना जोडलेली असते आणि लिनक्सचा ड्रायव्हर नेमका न जोडलेल्या टोकावर कान लावून बसतो. ड्रायव्हरचा ‘अँट_सेल’ हा पर्याय १ किंवा २ करून दिला की रेंज परत येते.

रॅम ४ ची ८ जीबी करणे हा या लॅपटॉपवरचा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च, एसएसडीच्या खालोखाल. नोटबुकची २०४ पिनची डीडीआर३एल घ्या, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची असते आणि खाच सारखीच असल्याने बसतेही, पण पाचव्या पिढीचा प्रोसेसर ती मानत नाही. पडदा काळाच राहतो. दुकानात ‘चालते हो’ म्हणतील. लेबलवर एल वाचा.

प्रश्न: लिनक्सवर मराठी टायपिंगचे काय? मी आजवर विंडोजवर गूगल इनपुट वापरत आले. (त्याच शिक्षिका)

उत्तर: गूगलने आपल्या इनपुट साधनाची विंडोजवरची ऑफलाइन आवृत्ती केव्हाच काढून घेतली, जुनी सेटअप फाइल इकडून तिकडून मिळवून टाकण्यात अर्थ नाही. विंडोज १० मध्येच २०१९ च्या मे अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ हा कीबोर्ड आहे.

मिंटमध्ये दोन वाटा आहेत. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) येत असेल तर कीबोर्डच्या लेआउटमध्ये ‘इंडियन’खाली ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ जोडा. वेगळे काही लागत नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज टाका, ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडा, लॉग आउट करून परत या. मग मराठीच्या यादीत आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन दिसतात आणि मराठी संकेतस्थळांवर वाढलेल्यांच्या ओळखीचे ‘गमभन’ही. लॉग आउट न करता ‘चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

प्रश्नपत्रिकेतले ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर फॉन्ट ‘नोटो सान्स देवनागरी’ ठेवा आणि लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’ची भाषा हिंदीऐवजी मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे वेगळी भरलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्यावरच ती बाहेर येतात.

प्रश्न: आमचे डीटीपीचे काम आहे. पेजमेकर, श्रीलिपी, पंधरा-वीस वर्षांच्या फाइली. संगणकावर ३२ बिट विंडोज १० आहे, प्रोसेसर मात्र यादीत बसतो. विंडोज ११ वर अपग्रेड होईल ना? (सांगली)

उत्तर: अपग्रेड होणार नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे आणि ३२ वरून ६४ वर सगळे जागच्या जागी ठेवून उडी मारता येत नाही. कोरी डिस्क करून टाकावी लागते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम मुळीच चालत नाहीत, आणि नव्वदीतल्या पुष्कळ सॉफ्टवेअरचे खुद्द सॉफ्टवेअर ३२ बिट असले तरी सेटअप १६ बिट असते. सीडी घालता, डबल क्लिक करता, ‘हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही’ असा निरोप येतो.

दुसरा अडथळा डाँगलचा. तुमची आवृत्ती यूएसबी कुलूप मागत असेल तर त्या कुलपाचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ ची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही संरक्षणाची सोय अडवते. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे ‘इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स’ची यादी दिसते. मेमरी इंटिग्रिटी बंद करण्याआधी कुलूप बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर शोधा; बऱ्याचदा मिळतो.

आमच्या मते या संगणकाला हात लावूच नका. त्याचे इंटरनेट काढा, आहे त्या विंडोज १० वर तो फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवा, आणि डिस्कची हूबेहूब प्रतिमा ‘क्लोनझिला’ने दुसऱ्या डिस्कवर करून कपाटात ठेवा. वीस वर्षांचे काम एका डिस्कवर आहे. नवे काम दुसऱ्या यंत्रावर, युनिकोडमध्ये. जुन्या फाइली एकगठ्ठा युनिकोडमध्ये आणायला बसू नका. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात आणि दर घराण्याची मांडणी वेगळी, त्यामुळे परिवर्तकातून रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे इकडची तिकडे होतात. प्रत्येक पान वाचावे लागते. गिऱ्हाईक पुन्हा छपाईला येईल तीच फाइल बदला.

प्रश्न: कोअर २ ड्युओ, २ जीबी रॅम, साल २००९. काय टाकू? (चिपळूण)

उत्तर: विंडोज ११ नाही. २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ आणि ‘एसएसई ४.२’ या सूचना लागतात, त्या कोअर २ मध्ये नाहीतच, त्यामुळे कुठलीही युक्ती करा, बूट होत नाही. मिंट एक्सएफसीई चालेल, प्रोसेसर ६४ बिट आहे. पण पैसे घालू नका. लिखाण, पीडीएफ, गाणी ठीक. यूट्यूब मात्र नव्या कोडेकचा (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीचा) व्हिडिओ पाठवते, तो उलगडायला या चिपमध्ये वेगळी सोय नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच.२६४ हा जुना कोडेक मागणारे एक्स्टेन्शन टाका आणि ४८० वर समाधान माना.

प्रश्न: सातवेळा प्रयत्न केला. अपग्रेड होत येते, दोन-तीनदा रीस्टार्ट होते आणि ‘पूर्वीची विंडोज परत आणत आहोत’ म्हणत जागच्या जागी येते. कोड ०एक्स-सी१९००१०१. (नाशिक)

उत्तर: आठव्यांदा तसेच करू नका. सी१९००१०१ ने सुरू होणारे कोड बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतात: नवी विंडोज उठते, जुना ड्रायव्हर भरते, आपटते आणि मागे फिरते. माऊससकट सगळी यूएसबी उपकरणे, मेमरी कार्ड, डाँगल काढा. बाहेरचा अँटीव्हायरस बंद नव्हे, अनइन्स्टॉल करा. त्याचे ड्रायव्हर बंद केल्यावरही चालूच असतात. व्हीपीएन आणि जुनी व्हर्च्युअल ड्राइव्हची सॉफ्टवेअरही काढा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून चिपसेट, ग्राफिक्स, वाय-फायचे ड्रायव्हर अद्ययावत करा. मग सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळे करून, इंटरनेट तोडून, आयएसओ फाइलमधले सेटअप चालवा.

तरीही अडले तर मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ चालवा. अपयशी प्रयत्नाच्या नोंदी वाचून ते कुठल्या ड्रायव्हरवर घसरले ते नावानिशी सांगते. त्याच वेळी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा पाहा. शून्याच्या वर असेल तर ड्रायव्हर राहिला बाजूला, डिस्क मरते आहे. आधी डेटा काढा.

कोड ०एक्स-८००एफ०९२२ किंवा सी१९००१०४ असेल, आणि ‘सिस्टीम रिझर्व्हड पार्टिशन’ अद्ययावत करता आले नाही असा निरोप असेल, तर कारण निराळे: बूटचा छोटा विभाग भरलेला असतो. जीपीटी डिस्कवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘माउंटव्हॉल वाय: /एस’ देऊन तो विभाग वाय म्हणून उघडतो. त्यातल्या ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स या फोल्डरातल्या फॉन्ट फाइली पुसल्या की थोडी जागा होते आणि अपग्रेडला तेवढी पुरते. त्या फोल्डराबाहेरची एकही फाइल पुसू नका.

आयएसओ चालवताना ‘फाइली आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय फिका दिसला तर भाषा जुळत नाही. यूके इंग्रजीच्या विंडोजवर यूएस इंग्रजीची आयएसओ चालवली की असे होते. आयएसओच्या पानावर यूके इंग्रजी ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ या नावाने मिळते.

प्रश्न: अपग्रेडच्या तयारीत बायोस अद्ययावत केला. आता सुरू होताच निळा पडदा ४८ आकडी की मागतो. मी असली की कधी केलीच नव्हती. (मडगाव)

उत्तर: तुम्ही केली नसेल, मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन झाले तेव्हा विंडोजने डिस्क आपणहून कुलूपबंद करून की त्या खात्यात ठेवली असणार. फोनवर त्याच खात्याने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करा, ‘डिव्हायसेस’मध्ये ‘रिकव्हरी की’ पाहा. एकाहून अधिक असतील तर पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली ८ अक्षरे जुळवा. घरात लॅपटॉप कोणी सुरू करून दिला होता ते आठवा. मुलाच्या किंवा भाच्याच्या खात्यातही की सापडते. बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली गेली असेल तर ती पूर्ववत करून पाहा, पुष्कळदा की न देताच विंडोज उघडते. मात्र ‘क्लिअर टीपीएम’ दाबू नका. की कुठेच नसेल तर डेटा गेला, कुठलेही दुकान तो काढून देऊ शकत नाही.

इतर वाचकांसाठी: बायोसला हात लावण्याआधी कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर (विंडोजचे हेच डिस्कचे कुलूप) ‘सस्पेंड’ करा, किंवा होम आवृत्तीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करा. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर, वीज जाण्याच्या वेळी, बायोस अपडेट करूच नका. विंडोजचे अपग्रेड अर्ध्यात तुटले तर ते मागे फिरते, बायोस फिरत नाही.

प्रश्न: मॅकबुक एअर २०१७ मॉन्टेरीवर अडकला आहे. पुढे नेता येतो का? (पिंपरी)

उत्तर: अ‍ॅपलकडून नाही, मॉन्टेरी हीच त्या मॉडेलची शेवटची आवृत्ती. ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’ या बाहेरच्या साधनाने व्हेंचुरा किंवा सोनोमा या पुढच्या आवृत्त्या चढवता येतात, पण या पिढीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर अ‍ॅपलने काढून टाकलेले असल्याने ते पॅच करून परत बसवावे लागतात आणि त्यासाठी सिस्टीमचे एक संरक्षण सैल ठेवावे लागते. अपडेटनंतर ग्राफिक्स अडखळू लागले की पॅच पुन्हा मारा. स्वयंचलित अपडेट बंद ठेवा, टाइम मशीनचा बॅकअप असल्याशिवाय सुरुवात करू नका. बँकेच्या कामासाठी हे यंत्र नको, लिखाण-वाचनाला उत्तम.

प्रश्न: विंडोज ११ झाली, पण प्रिंटर आणि आमचे जुने बिलिंग दोन्ही बंद पडले. मागे येता येते का? (अकोला)

उत्तर: १० दिवसांत. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. दहा दिवस पुरणार नाहीत असे वाटत असेल तर ते संपण्याआधीच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०’ द्या, मुदत ६० दिवस होते. तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर पुसू नका आणि डिस्क क्लीनअप चालवू नका. मागे येण्याचे सगळे सामान त्यातच आहे. आणि परत फिरण्याआधी बिलिंगचा आजवरचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या. अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम आणि केलेली सेटिंग्ज मागे येताना जातात.